बेस गिटारचे निराळे आकार : कान, खांदा आणि डोळा

सतारीला भोपळा कां, सारंगीची कंबर आंत घेतलेली कां, तंबोऱ्याची दांडी एवढी लांब कां, असे प्रश्न विचारले तर जाणकार मनुष्य चटकन् उत्तर देऊं शकतो. भोपळ्यांत नाद घुमतो. कमरेपाशीं गज फिरावयास वाट मिळते. लांब तारेंतून गंभीर खर्ज निघतो. जुन्या वाद्यांचे आकार असे नादाच्या आणि हाताच्या गरजेंतून शतकानुशतकें घडत आले, आणि म्हणूनच ते बदलण्याचें धाडस फारसें कोणीं केलें नाहीं. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत पाश्चात्य संगीतांत एक वाद्य असें रूढ झालें कीं, ज्याच्या आकारावर नादाचें बंधन जवळजवळ राहिलेंच नाहीं. विजेवर चालणारी बेस गिटार हें तें वाद्य होय. हिचे नमुने पाहूं गेलें तर कोणी व्हायोलिनच्या घाटाची, कोणी पंचकोनी, कोणी चांदणीसारखी, कोणी कुऱ्हाडीसारखी, कोणी कांचेप्रमाणें आरपार दिसणारी; आणि एका प्रसिद्ध नमुन्याला तर डोकेंच नाहीं.

ह्या नाना रूपांविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एका मताप्रमाणें हा सगळा रंगमंचावरचा नखरा आहे, त्याचा संगीताशीं कांहीं संबंध नाहीं. दुसऱ्या मताप्रमाणें आकार बदलला कीं आवाज बदलतो, आणि विलक्षण आकारांत विलक्षण स्वर दडलेला असतो. खरी गोष्ट ह्या दोहोंहून निराळी आहे. आकाराचा परिणाम ऐकणाराच्या कानावर थोडा, पाहणाराच्या डोळ्यावर पुष्कळ, आणि वाजविणाराच्या खांद्यावर व मनगटावर सर्वांत अधिक होतो. हा शेवटचा परिणाम दुकानांत दिसत नाहीं. तो दोन तासांच्या जलशानंतर आणि दहा वर्षांच्या वादनानंतर दिसूं लागतो. म्हणूनच आकाराचा विचार हा केवळ हौसेचा विचार नव्हे.

बेस म्हणजे वाद्यवृंदाचा पाया. तबल्याचा ठेका आणि तंबोऱ्याचा खर्ज ह्यांचें काम जणूं एकाच वाद्यानें करावें, अशी त्याची योजना असते. तें ऐकूं येत आहे हें श्रोत्याच्या ध्यानांतही येत नाहीं. पण तें थांबलें तर सारें गाणें पोकळ वाटूं लागतें. पूर्वीं हें काम डबल बेस ह्या प्रचंड वाद्याकडे असे. हें वाद्य सुमारें ६ फूट उंच, म्हणजे उभ्या माणसाएवढें, आणि त्याच्या तारा सुमारें ४२ इंच लांब. एवढें मोठें अंग कशासाठीं? तर बारीक तार कितीही जोरानें कंपली तरी ती हवेला पुरेसा धक्का देऊं शकत नाहीं. तिचें कंपन घोडीमार्फत लांकडी पेटीला पोंचावें, पेटीनें हवा हालवावी, तेव्हां कोठें आवाज होतो. त्यांतून बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंपते, आणि तिच्या ध्वनिलहरीची लांबी ८ मीटरांहून अधिक भरते. एवढी लांब लहर लहान पेटींतून जोरानें निघत नाहीं. यास्तव खर्ज हवा असेल तर मोठी पेटी बाळगणें प्राप्तच होतें. आणि इतकें करूनही नृत्यशाळेंतील कर्णे व ढोल ह्यांच्या गलबल्यांत बिचाऱ्या डबल बेसचा आवाज बुडून जात असे.

वाद्याला वीज जोडली गेल्यानें ही अडचण दूर झाली. लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या अत्यंत बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. ह्या योजनेला पिकप म्हणतात. तिच्यावरील पोलादी तार कंपूं लागली कीं वेढ्यांतील चुंबकीय क्षेत्र बदलत राहतें, आणि त्यामुळें वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह ध्वनिवर्धक यंत्रांत प्रबळ होऊन स्पीकरमधून पुन्हा ध्वनिरूपानें बाहेर पडतो. येथें हवा हालविण्याचें काम वाद्याच्या अंगाकडे राहतच नाहीं. तें स्पीकरकडे जातें. भोपळा वाद्यापासून सुटा करून भिंतीपाशीं नेऊन ठेवावा, तसाच हा प्रकार. साध्या गिटारपेक्षां बेसला ह्या सोयीचा लाभ अधिक झाला, कारण पेटीचें ओझें तिच्याच माथीं अधिक होतें.

अमेरिकेंतील सिॲटल शहरीं पॉल टटमार्क यांनीं १९३६ च्या सुमारास आडवी धरून वाजवावयाची भरीव लांकडाची बेस विकावयास काढली होती. परंतु तिचा प्रसार झाला नाहीं. प्रसार झाला तो १९५१ मध्यें कॅलिफोर्नियांतील फुलरटन येथें लिओ फेंडर यांनीं काढलेल्या ‘प्रिसिजन’ बेसचा. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे; स्वतः गिटार वाजविणारे नव्हेत. त्यांनीं दांडीवर सतारीप्रमाणें पडदे बसविले, त्यामुळें स्वर नेमका लागूं लागला. प्रिसिजन ह्या नांवाचा अर्थच नेमकेपणा. तारांची लांबी त्यांनीं ३४ इंच ठेविली, आणि हें माप आजही बहुतेक बेस गिटारींत रूढ आहे. मुंबईंतील हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही पूर्वीं डबल बेस असे, आणि पुढें त्याच्या जोडीला बेस गिटार आली.

आतां प्रश्न असा कीं, पेटीची गरज संपल्यावर आवाज ठरतो कशावरून? तारेची लांबी, जाडी आणि धातु. तारेखालीं पिकप कोणत्या जागीं बसविली आहे. बोट तार कोठें छेडतें. दांडी किती ताठ आहे. आणि शेवटीं ध्वनिवर्धक यंत्र कसलें आहे, ह्या गोष्टींवरून मुख्यतः तो ठरतो. पिकप घोडीजवळ असेल तर आवाज करकरीत व स्पष्ट येतो. दांडीच्या बाजूला असेल तर गोल व भरदार येतो. दांडीचीही एक गंमत आहे. तिची स्वतःची अशी कंपनसंख्या असते. एखादा स्वर तिच्याशीं जुळला कीं तारेची शक्ति दांडी शोषून घेते आणि तो स्वर लवकर विझतो. पुष्कळशा बेस गिटारींत सर्वांत बारीक तारेवर पांचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास असा एखादा अशक्त स्वर सांपडतो. दांडी अधिक ताठ केली, किंवा तिच्या टोंकाचें वजन कमीजास्त केलें, तर ही जागा सरकते. ह्या यादींत वाद्याच्या बाह्य रेषेला, म्हणजे शिंगें किती लांब, कंबर किती बारीक, ह्याला फार खालचें स्थान आहे. आकाराचा आवाजावर जो परिणाम होतो तो बहुधा आडवाटेनें होतो. आकारानुसार उजवा हात अमुक जागीं विसावतो, तो घोडीजवळ विसावला तर तार तेथें छेडली जाते, आणि म्हणून आवाज बदलतो. हात मुद्दाम सरकविला तर आवाजही सरकतो.

ह्याचा उत्तम दाखला व्हायोलिनच्या घाटाच्या दोन बेस गिटारींत मिळतो. १९५३ मध्यें अमेरिकेंतील गिब्सन कंपनीनें आपली पहिली विजेची बेस काढली. तिचा घाट व्हायोलिनचा होता. एवढेंच नव्हे, तर डबल बेसची संवय असलेल्या वादकाला ती उभी धरतां यावी म्हणून तिच्या खालीं बाहेर ओढतां येणारी दांडकीही दिली होती. पुढें १९५६ मध्यें जर्मनीच्या हॉफ्नर कंपनीनें वॉल्टर हॉफ्नर यांच्या योजनेप्रमाणें दुसरी व्हायोलिन-बेस बाजारांत आणली. दोहोंची बाह्यरेषा पाहिली तर बहिणी वाटाव्यात. तारांची लांबीही दोहोंची ३० इंचांच्या आसपास. परंतु गिब्सनची बेस भरीव महोगनी लांकडाची, तिची पिकप दांडीला लागून, आणि आवाज जड व काळोखा. हॉफ्नरची आंतून पोकळ, वजनाला अत्यंत हलकी, आणि आवाज मऊ, ठोसेदार व लवकर विरणारा. घाट एक, आवाज दोन. फरक रेषेनें केला नाहीं. भरीवपणानें आणि पोकळपणानें केला.

उलट बाजूचा दाखला ॲशबोरी नांवाच्या बेसचा आहे. १९८० नंतरच्या दशकांत दोघां इंग्रज कारागिरांनीं हिची रचना केली. हिच्या तारांची लांबी अवघी १८ इंच. दुरून पाहणाराला लहान मुलाचें खेळणेंच वाटावें. पण तिच्या तारा धातूच्या नसून सिलिकोन रबराच्या आहेत, आणि चुंबकाच्या पिकपऐवजीं घोडीखालीं दाब ओळखणारी योजना आहे. ध्वनिवर्धकाला जोडून ती छेडली कीं माणसाएवढ्या उंच डबल बेसचा भास होतो. डोळे मिटून ऐकणाराला तिचें आकारमान सांगतां येणार नाहीं. वाद्याचें रूप पाहून त्याच्या आवाजाविषयीं तर्क करणें किती फसवें आहे, हें ह्यावरून ध्यानांत यावें.

मग निराळ्या आकाराचें खरें महत्त्व कोठें आहे? तें वाद्य आणि शरीर ह्यांच्या संबंधांत आहे. बेस गिटारला एक सक्ति मात्र चुकवितां आली नाहीं, ती तारेच्या लांबीची. तार लांब म्हणून दांडी लांब, आणि दांडीच्या टोंकाला चार जाडजूड खुंट्यांचें वजन. सर्वसाधारण बेसचें वजन साडेतीन ते साडेचार किलो असतें, आणि तें पट्ट्यानें एका खांद्यावर तोलून धरावें लागतें. पट्टा वाद्याला दोन ठिकाणीं अडकवितात. त्यांतील पुढची जागा दांडीच्या दिशेनें पुरेशी पुढें असली तर वाद्याचा गुरुत्वमध्य दोन्ही जागांच्या मध्यें राहतो, आणि हात सोडले तरी वाद्य स्थिर राहतें. ती जागा मागें राहिली तर दांडी तराजूच्या जड पारड्याप्रमाणें खालीं झुकते. मग डाव्या हातानें स्वर धरावयाचे कीं दांडी सांवरावयाची? स्वर काढण्यासाठीं असलेला हात हमालीला जुंपला जातो. खांदा वर चढतो, मनगट मुडपतें, आणि तासाभरानें बोटें जड होतात. उभ्या जन्माचा व्यवसाय ज्याला ह्या हातावर करावयाचा आहे, त्याच्या दृष्टीनें ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. मनगटाच्या आणि पाठीच्या दुखण्यानें वाद्य खालीं ठेवण्याची पाळी वादकांवर येते, ती अशाच लहानसहान ताणांच्या सांठवणीमुळें.

ह्या दृष्टीनें पाहिलें तर एक मौजेची गोष्ट दिसते. आज जो आकार सर्वमान्य समजला जातो, तो फेंडर यांचा दोन शिंगांचा आकार, १९५१ मध्यें स्वतःच विलक्षण होता. त्यांतील वरचें लांब शिंग शोभेसाठीं नव्हतें. त्याच्या टोंकाला पट्टा अडकविल्यानें ती जागा बाराव्या पडद्याजवळ येते आणि दांडी तोलली जाते. १९५४ मध्यें ह्याच बेसच्या कडा तासून पोटाशीं व बाहूखालीं उतार देण्यांत आला, तोही बरगड्यांना आणि हाताला कांठ रुतूं नये म्हणून. गरजेंतून निघालेला विचित्र आकार डोळ्यांच्या संवयीचा झाला, एवढेंच.

ह्याच्या उलट केवळ चित्रकाराच्या रेषेंतून निघालेल्या आकारांची गति काय झाली, हेंही पाहण्यासारखें आहे. गिब्सन कंपनीनें १९६३ मध्यें ‘थंडरबर्ड’ नांवाची बेस काढली. तिची रचना रे डीट्रिक यांनीं केली. हे मोटारींच्या बांधणींत नांव मिळविलेले गृहस्थ. थंडरबर्ड पाहतांच वेगाचा भास होतो. पंख पसरून झेप घ्यावी तशी तिची रेषा. तिची दांडी अखंड लांकडांतून अंगाच्या शेवटापर्यंत गेलेली आणि दोन्ही बाजूंना अंगाचे भाग चिकटविलेले. त्यामुळें तिचा आवाज घनदाट आणि दमदार. परंतु हिच्यांत वरचें शिंग आंखूड आणि खालचें लांब, म्हणजे नेहमींच्या रीतीच्या नेमकें उलट. परिणाम असा कीं दांडी झुकते, आणि सगळें वाद्य डावीकडे सरकल्यामुळें पहिल्या पडद्याशीं पोंचण्यास हात बराच लांबवावा लागतो. तिचें मागें कललेलें डोकेंही पडझडींत लवकर मोडे. बांधणी खर्चाची म्हणून १९६५ मध्यें कंपनीनें हा आकार बदलला. पण लोकांच्या मनांतून तो गेला नाहीं, आणि १९७६ मध्यें कंपनीला तो पुन्हा काढावा लागला. वादक आजही तिची कुरकुर करतात आणि आजही ती विकत घेतात. डोळ्याचें आकर्षण किती बलवत्तर असतें, ह्याची ही साक्ष आहे.

इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीची पंचकोनी ‘फँटम’ किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखी ‘फ्लाइंग व्ही’ ह्यांची अडचण निराळी. हीं वाद्यें उभ्यानें शोभून दिसतात. पण खुर्चीवर बसून मांडीवर ठेवूं गेलें तर मांडीला आधार द्यावयास कंबरच नसते. व्ही आकाराची गिटार १९५८ मध्यें प्रथम निघाली, तेव्हां ती घसरूं नये म्हणून तिच्या कडेला रबराची पट्टी बसवावी लागली होती. ज्याला घरीं रोज बसून अभ्यास करावयाचा आहे, त्याला हा दोष पहिल्याच आठवड्यांत जाणवतो.

आकाराचा विचार शरीराच्या बाजूनें अखेरपर्यंत कोणीं नेला असेल तर तो नेड स्टाइनबर्गर यांनीं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत हे लांकडी सामानाची, खुर्च्या-टेबलांची रचना करीत. १९७० नंतरच्या दशकांत त्यांच्याच कारखान्यांत काम करणारे गिटार-कारागीर स्टुअर्ट स्पेक्टर यांच्यासाठीं त्यांनीं एका बेसची रचना केली; तिची पाठ किंचित् आंत वळवून ती वादकाच्या पोटाशीं बसेल अशी केली. खुर्ची करणाराला माणूस कसा बसतो ह्याचा विचार करावाच लागतो. तोच विचार त्यांनीं वाद्याला लाविला. मग त्यांचें लक्ष दांडीच्या टोंकाच्या वजनाकडे गेलें. खुंट्या दांडीच्या टोंकालाच कशाला हव्यात? त्या दुसऱ्या टोंकाला, घोडीमागें नेल्या कीं दांडी झुकण्याचें कारणच उरत नाहीं. खुंट्या गेल्यावर डोक्याचेंही प्रयोजन संपलें. डोकें गेल्यावर तोल सांभाळण्यासाठीं मोठें अंग नको. अशा रीतीनें एकेक अनावश्यक भाग गळत गेला, आणि १९८० च्या सुमारास जें वाद्य तयार झालें तें म्हणजे एक दांडी आणि तिच्या शेवटीं लहानशी चौकोनी पेटी. लांकूड ह्या नाजूक रचनेला पुरेसें ताठ पडेना, म्हणून त्यांनीं कार्बनच्या व कांचेच्या तंतूंनीं बळकट केलेली राळ वापरली. पेटीच्या पाठीमागें फिरती पट्टी लावून तिला खांद्याचा पट्टा अडकविला. त्यामुळें वाद्य हव्या त्या कोनांत धरलें कीं तेथेंच राहूं लागलें.

ह्या बेसचा आवाजही निराळा होता. सर्व पडद्यांवर सारखा, स्वच्छ आणि दीर्घकाल टिकणारा. परंतु हा गुण चौकोनी पेटीचा नव्हे. दांडी अत्यंत ताठ असल्यामुळें तारेची शक्ति शोषली जात नाहीं आणि मघाशीं सांगितलेले अशक्त स्वर फारसे आढळत नाहींत, हें त्याचें मुख्य कारण. टोनी लेव्हिन, स्टिंग, गेडी ली अशा नामांकित वादकांनीं ती हातांत घेतली. १९८० नंतरच्या दशकांत ती आधुनिकतेची खूणच होऊन बसली.

आणि तरीही १९९० नंतर ही लाट ओसरली. बहुसंख्य वादक पुन्हा फेंडर यांच्या जुन्या आकाराकडे वळले. वस्तुतः तोल, वजन, आवाजाची समानता ह्या कोणत्याही कसोटीवर नवें वाद्य कमी पडत नव्हतें. कमी पडली ती माया. कित्येकांना तिचा निर्दोष आवाज थंड वाटला. कित्येकांना वाद्याला डोकें नसणें सहनच झालें नाहीं. तिला दोन्ही टोंकांना मणी असलेल्या खास तारा लागत, त्या प्रत्येक गांवीं मिळत नसत, हीही अडचण होतीच. परंतु मुख्य कारण असें कीं, वाद्य हें केवळ यंत्र नसतें. मनुष्य त्याच्यांत एक चेहरा पाहतो.

ह्याच मायेचें दुसरें उदाहरण पॉल मॅकार्टनी यांच्या हॉफ्नरचें आहे. १९६१ मध्यें हॅम्बुर्ग येथें त्यांनीं ती सुमारें ३० पौंडांना घेतली. ते डावखुरे, इतर गिटारी उलट्या धरल्या कीं विद्रूप दिसत, ही दोन्ही बाजूंनीं सारखी असल्यानें तशी दिसत नसे. म्हणजे निवडीचीं कारणें दोन, स्वस्ताई आणि सममिति. आवाज हें पहिलें कारण नव्हतें. परंतु त्या वाद्याच्या मऊ, गोल आवाजानेंच बीटल्सचीं पहिलीं गाणीं भरलीं, आणि आज जगांतील कोणालाही तो घाट पाहतांच ते आठवतात. १९६५ पासून त्यांच्या हातीं रिकनबॅकर कंपनीची भरीव लांकडाची, लाटेसारख्या शिंगांची बेसही आली व तिचा आवाज अधिक धारदार. तरी हॉफ्नर सुटली नाहीं. १९६१ ची ती पहिली बेस १९७२ मध्यें लंडनांत चोरीस गेली. पन्नासांहून अधिक वर्षांनीं ती सांपडून मालकाकडे परत आल्याचें २०२४ मध्यें जाहीर झालें, तेव्हां जगभरच्या वृत्तपत्रांनीं ती बातमी छापली. एका स्वस्त लांकडी वाद्यासाठीं लोक इतके हळहळले, कारण तिच्या आकाराशीं त्यांच्या तरुणपणच्या आठवणी जोडलेल्या होत्या.

डोळ्याच्या ह्या मागणीला तुच्छ लेखणें बरोबर नाहीं. रंगमंचावरील बेसवादक बहुधा मागें, अंधारांत उभा असतो. गायकाकडे व मुख्य गिटारवादकाकडे सर्वांचें लक्ष. बूट्सी कॉलिन्स यांनीं १९७५ च्या सुमारास चांदणीच्या आकाराची बेस करवून घेतली, चांदणीच्या आकाराचाच चष्मा घातला, आणि मागें उभा राहणारा मनुष्य पुढें आला. त्यांच्या मंडळींच्या खेळांत रंगमंचावर अंतराळयान उतरत असे. अशा ठिकाणीं साधें वाद्य शोभलें नसतें. किस ह्या मेळ्यांतील जीन सिमन्स यांची १९८० ची कुऱ्हाड-बेस हीही त्यांच्या रंगविलेल्या चेहऱ्याचाच भाग होय. नाटकांतील राजाच्या मुकुटानें गाणें सुधारत नाहीं, पण मुकुटाशिवाय तो राजा वाटत नाहीं. १९६९ मध्यें डॅन आर्मस्ट्राँग यांनीं ॲम्पेग कंपनीसाठीं केलेली पारदर्शक प्लास्टिकची बेस मात्र डोळा आणि हात दोघांचाही विचार करणारी होती. ती दिव्यांच्या झोतांत चमके. शिवाय तिचे सर्व २४ पडदे अंगाच्या बाहेर असल्यानें शेवटच्या पडद्यापर्यंत बोटें विनासायास जात. तिचें वजन मात्र खांद्याला जाणवे.

अलीकडे पुन्हा हाताकडून आकाराकडे जाणाऱ्या रचना पुढें येत आहेत. कॅनडांतील शेल्डन डिंगवॉल यांच्या बेस गिटारींत पडदे समांतर नसून पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेले असतात. त्यामुळें जाड तार ३७ इंचांपर्यंत लांब व बारीक तार ३४ इंच ठेवतां येते. लांबी वाढली कीं ताण वाढतो, आणि जाड तारेचा स्वर गढूळ न होतां स्पष्ट निघतो. येथें विचित्र दिसणाऱ्या रचनेचा आवाजाशीं खरा संबंध आहे, कारण ती तारेच्या लांबीलाच हात घालते. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्ग यांनीं डोक्याविना असलेली हलकी गिटार पुन्हा रूढ केली, आणि त्याच धर्तीवर बेसही काढली. तिच्या दांडीची पाठ गोल न ठेवतां सपाट पैलूंची केली आहे, ती आंगठ्याला विसांवा मिळावा म्हणून.

मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांत आज तरुण मुलेंमुली बेस शिकत आहेत, आणि एखाद्या दिवशीं दुकानांतील चांदणीसारख्या किंवा पंखासारख्या वाद्यावर त्यांचें मन बसतें. अशा वेळीं वडील माणसांनीं एकदम नाहीं म्हणण्याचें कारण नाहीं, आणि एकदम पैसे मोजण्याचेंही नाहीं. प्रथम कानाची परीक्षा घ्यावी : तें वाद्य आणि नेहमींच्या आकाराचें वाद्य एकाच ध्वनिवर्धकाला जोडून, ऐकणारानें पाठ फिरवून, दोन्ही ऐकावींत. फरक वाटला तर तारा, पिकप आणि तारेची लांबी ह्यांत तो शोधावा. नंतर खांद्याची परीक्षा : पट्टा लावून उभें राहावें आणि दोन्ही हात हलकेच सोडावेत, दांडी खालीं गेली तर ती पुढें दररोज खालीं जाणार आहे. मग खुर्चीवर बसून निदान वीस मिनिटें वाजवावें. पहिल्या पडद्याशीं जातांना कोपर सरळ ताणावें लागतें काय आणि मनगट मुडपतें काय, हें पाहावें. लहान चणीच्या मुलाला ३० इंच तारेची बेस अधिक सोयीची पडते, हेंही ध्यानांत ठेवावें. त्या आकाराची पेटी किंवा पिशवी मिळते काय, आणि विशेष तारा लागत असल्यास त्या गांवांत मिळतात काय, ह्याची चौकशी त्याच वेळीं करावी.

ह्या परीक्षांतून वाद्य उतरलें तर शेवटीं डोळ्याला विचारावें, आणि त्याचें उत्तर मोकळ्या मनानें मानावें. कारण जें वाद्य आवडतें तेंच रोज हातीं घेतलें जातें, आणि जें रोज हातीं घेतलें जातें तेंच वाजूं लागतें. मात्र ह्या तिघांपैकीं खांद्याचें म्हणणें सर्वांत हळू ऐकूं येतें आणि सर्वांत उशिरां पटतें. तें आधीं ऐकलें तर वाद्याचा आकार कसाही असो, वादकाचा हात आणि त्याची साथ पुष्कळ वर्षें टिकेल.